बाईंची वामकुक्षी

फणसोळीच्या राईतून कोणी काही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पडलेलं फळ नाही, बुटाला चिकटलेला चिखलसुद्धा नाही. निघताना बांधावर बसायचं, चिखल खरवडायचा आणि आत परत टाकायचा. पहिल्या दिवशी मी हे काम इतकं मन लावून केलं की आत्माराम गवसांचं माझ्याविषयी चांगलं मत झालं. ते गावचे मानकरी. देवीपुढे गावाचं म्हणणं मांडायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांना वाटलं, पुण्याची असूनही पोरगी श्रद्धाळू आहे. मी बुटात जळू शोधत होते.

ही राई म्हणजे दोडामार्गाच्या डोंगरात, एका ओहोळाकाठी वाढलेली रानजायफळाची दलदल. या झाडांना चिखलात गुदमरायला होतं, म्हणून ती मुळांचे वेढे श्वास घ्यायला वर काढतात. हे वेढे थेट दुमडलेल्या गुडघ्यांसारखे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तर वाटतं, अख्खं गाव चिखलात उताणं झोपलंय आणि गुडघे तेवढे बाहेर राहिलेत. मधोमध सातेरीचं वारूळ. तीच गावची देवी. सातबारा तिच्या नावावर आहे आणि कायद्याच्या लेखी ती एक व्यक्ती आहे. मीही कायद्याच्या लेखी व्यक्तीच आहे, पण मी आत्मारामकाकांच्या पडवीत पथारी टाकून राहत होते आणि तिच्याकडे आख्खं जंगल होतं.

त्या जंगलावर एक कंपनी झुलतं हॉटेल बांधणार होती. खोल्या झाडांना टांगलेल्या. टांगण्यापुरती झाडं ठेवायची, बाकीची काढायची. जमीन लोकहितासाठी घ्यायचं ठरलं होतं; लोकहित म्हणजे नाश्त्यासकट मुक्काम. हे थांबवायला एकच रस्ता उरला होता. जगात फक्त इथेच राहणारा एखादा जीव हवा, आणि त्याचं रीतसर वर्णन छापून आलेलं हवं. दिवाळीनंतर पाहणीला समिती येणार होती. वाघ, हत्ती वगैरे मंडळींना जगात इतरत्रही जागा असल्यामुळे ती बाद होती.

आणि मग मला बाई भेटल्या.

जायफळाच्या एका रोपाच्या पानाखाली त्या बसल्या होत्या. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातली मादी, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि डोकं भिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक. पुढचे दोन मोठे डोळे त्यांनी माझ्यावर रोखले. काउंटरपलीकडून बँकेतल्या बाई पाहतात, तसं. आपली कागदपत्रं अपुरी आहेत असं वाटायला लावणारी नजर. म्हणून नाव बाई. एकेरी हाक मारायची छाती नंतरही कधी झाली नाही.

अशी जात कुठल्याच नोंदीत नव्हती. मी पानांखाली, सालीखाली, गुडघ्यांखाली सगळी दलदल धुंडाळली. दुसरी मादी नाही, नर नाही. बाई एकट्याच.

संध्याकाळी मी पुण्याला सरांना फोन केला.

सर म्हणजे डॉ. विद्याधर किल्लेदार, माझे मार्गदर्शक. निवृत्त झाल्यापासून ते पूर्णवेळ काम करतात. मी कोळ्यांवर पीएचडी करणार म्हटल्यावर माझ्या बाबांनी, घरातली जळमटं काढ, तेवढं शिक्षण पुरे, असं सांगितलं होतं. तेव्हा सर आमच्या घरी आले, चहा घेतला आणि बाबांना हॉलच्या कोपऱ्यातल्या कोळ्यासमोर भिंग देऊन उभं केलं. दोघं आळीपाळीनं त्यातून बघत राहिले. आजही बाबा तो कोपरा कोणाला झाडू देत नाहीत. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं निम्मं त्या कोपऱ्यात झालंय.

सरांनी बाईंचा फोटो पाहिला. त्यांचा आवाज जरा बदलला. मग नेहमीचं वाक्य आलं.

"बाटलीत नसेल तो प्राणी नाही शलाका, ती अफवा असते."

यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. नवी जात जाहीर करायची तर एक नमुना अल्कोहोलात घालून संग्रहालयात ठेवावा लागतो. उद्या कोणाला शंका आली तर बाटली उघडून बघता यावं म्हणून. फोटोवर भागत नाही. हल्ली फोटोतल्या कोळ्याला कोणीही टाय घालू शकतं. थोडक्यात, बाईंना मरावं लागणार होतं. आणि इथेच माझी झोप आडवी आली.

थोडं शास्त्र सांगावं लागेल.

या कोळ्यांच्या पुढच्या डोळ्यांचं भिंग डोक्याच्या कवचात घट्ट बसलेलं असतं, ते हलत नाही. पण भिंगामागे एक लांब नळी असते. तिच्या टोकाला चित्र उमटायचा पडदा, आणि ही नळी स्नायूंनी फिरते. तिला एका वेळी जगाची अगदी चिंचोळी पट्टी दिसते. अंधाऱ्या गोदामात बॅटरी फिरवत माल तपासावा, तसा कोळी नळी फिरवून फिरवून समोरचं जग वाचतो. म्हणजे नळी कुठून कुठे फिरली हे कळलं, की कोळ्यानं काय पाहिलं ते कळतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं कवच पारदर्शक असल्यानं त्यांच्या नळ्या बाहेरून दिसतात. आणि कोळी झोपला की त्या मधूनच थरथरतात, स्वप्नात आपली बुबुळं हलतात तशा.

इथवरचं सगळं जुनं. नवं आहे ते यंत्र, डब्याएवढं. कोळ्याला दिसत नाही असा प्रकाश ते त्याच्या डोक्यावर टाकतं. समोर पान असलं की नळ्या कशा फिरतात, माशी असली की कशा, हे आधी जागेपणी शिकून घेतं. मग झोपेतल्या हालचाली त्याच्याशी जुळवतं आणि पडद्यावर धुरकट चित्र काढतं. पहिलं स्वप्न पकडलं गेलं ते माशीचं होतं. जगभर लोकांनी ते फोनवर लावलं. कोळ्यालाही स्वप्न पडतं, आणि आपल्यासारखंच जेवणाचं पडतं, हे कळल्यावर माणसं फार हळवी झाली. हळवी माणसं कायदे करतात.

कायदा असा झाला: ज्या जीवाचं स्वप्न नोंदलं गेलं, त्याला संशोधनासाठी मारायचं तर त्याच्या पालकाची संमती हवी. हेतू उत्तमच होता. परिणाम मात्र असा झाला, की देशभरातले संशोधक कोळ्यांना झोपूच देईनात. एका प्रयोगशाळेत तर कोळ्यांपुढे भजनी मंडळ बसवायचा प्रस्ताव होता.

माझं यंत्र राईतच, ताडपत्रीखाली, बाईंच्या रोपाशी लावलेलं होतं, कारण बाईंना बाहेर न्यायची सोय नव्हती. बाईंचं डोकं मोठेपणीही पारदर्शक राहिलेलं असल्यामुळे यंत्र त्यांच्यावर फारच छान चालायचं. मी त्यांना जागेपणीचे धडे देत होते, पान, साल, माशी, माझा चेहरा. झोपायच्या आत बंद करायचं, हे पक्कं ठरवलेलं. पण दुपारी आत्मारामकाकांकडे फणसाची भाजी आणि कुळथाची पिठी झाली होती. मी मुळांच्या गुडघ्यांमध्ये टेकले, आणि डोळा लागला. या कुळातले कोळी रात्री झोपतात असं सर्वत्र लिहिलंय. बाई दुपारी झोपल्या. फणसोळीत सगळेच झोपतात. जागी झाले तेव्हा यंत्रावर हिरवा दिवा लागला होता. बाईंचं स्वप्न नोंदलं गेलं होतं आणि नोंद आपोआप दिल्लीला पोचली होती.

दिल्लीहून उत्तर आलं: पालकाची संमती घ्या. जीव ज्या जमिनीवर आढळला, त्या जमिनीची मालक व्यक्ती पालक समजावी.

मी सातबारा काढून ठेवलेलाच होता. आत्मारामकाकांना दाखवला. त्यांना यात विचित्र काहीच वाटलं नाही. मुलीचं लग्न, विहीर, निवडणुकीचा अर्ज, गावात सगळंच देवीला विचारून होतं. सरकारला इतक्या उशिरा सुचलं, एवढीच त्यांची तक्रार होती.

सकाळी कौल लावायचं ठरलं. वारुळावरच्या मुखवट्याला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं पाकळ्या लावल्या. आत्मारामकाका हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाण्यात माझी बाजू मांडली. इतकी सुंदर बाजू माझी मलाही कधी मांडता आली नव्हती. ही परक्याची लेक आई तुझ्या रानाच्या भल्यासाठी इली हा, तुझी एक लेक ती मागता, बाकी सगळी राखूच्यासाठी मागता, तर तुझा काय म्हणणा आसात ता सांग गो आई. मागे उभ्या पाच मानकऱ्यांनी एका सुरात होकार भरला, "व्हय महाराजा!"

डावी पाकळी पडली. गाऱ्हाण्याचा शेवटचा शब्द पुरता संपलाही नव्हता.

"इतक्या बेगीन तर माझ्या लग्नाकय नाय म्हणाक नव्हता," आत्मारामकाका म्हणाले.

मी विचारलं, परत लावता येईल का. तर नाही. एकदा नकार आला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो. दुसरा प्रश्न सुचला तर विचारायचा.

मला दुसरा प्रश्न सुचत नव्हता. सरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी ते स्वतःच आले, खांद्याला झोळी, झोळीत चिमटा, बाटली आणि अल्कोहोल.

सर काही ओरडले-बिरडले नाहीत. ते राईच्या बांधावर बसले आणि त्यांनी मला पटवायला सुरुवात केली, एके काळी बाबांना पटवलं होतं तसंच. कायदा त्यांनी वाचून आणला होता. संमतीशिवाय मारणाऱ्याला शिक्षा होते, पण मारलेला नमुना बाद होत नाही. वर्णन टिकतं.

"शिक्षा मला होऊ दे," ते म्हणाले. "तुझं नाव लेखावर, माझं नाव तक्रारीत. सत्तरीला आलोय, तुरुंगात निदान जेवण वेळेवर मिळेल. राई राहिली तर यांच्या जातीतले, आपल्याला न सापडलेले, कितीतरी राहतील. राई गेली तर या बाईसुद्धा जातील. मला फक्त पान दाखव. माझ्या डोळ्यांना आता तांदळाएवढं दिसत नाही."

यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. आजही नाही. पान कोणतं, हे फक्त मला ठाऊक होतं. ज्या माणसानं मला कोळी बघायला शिकवलं, तो म्हणत होता, कोळी दाखव. आत्मारामकाका जरा लांब बसून सुपारी कातरत होते. तुमी शिकलेली माणसा, मी मधी पडूचंय नाय, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. पण अडकित्ता मात्र फार हळू चालला होता.

मी म्हटलं, "सर, दुपारी झोपतात त्या. झोपेत असताना करा. कळणार तरी नाही."

हे मी दयेपोटी बोलले की वेळ काढायला, ते मला माहीत नाही. सरांना ते रास्त वाटलं. आम्ही आत गेलो, आत्मारामकाकाही मागोमाग आले, मी पान दाखवलं, आणि तिघं ताडपत्रीखाली बसून बाईंना झोप लागायची वाट बघू लागलो. कोणाला मारायला आलेली माणसं इतकी दबकत बसलेली मी पाहिली नव्हती. सरांनी खोकला गिळला.

दुपार झाली. बाईंनी पानाला एक धागा चिकटवला, त्याला उलट्या लटकल्या, पाय दुमडून घेतले. सरांनी बाटलीचं बूच काढलं. मी सवयीनं यंत्र चालू केलं. नोंद एकदा झालीच होती, आता काय बिघडणार होतं?

सरांनी हे यंत्र कधी पाहिलेलं नव्हतं. ते त्याला सिनेमा म्हणायचे. पडदा तळहाताएवढा, पण चित्र मोठं करता येतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं. आधी नुसतं धुकं. मग पानाची कड. मग त्या कडेवर काहीतरी हललं.

नर होता.

राईत शोधून न सापडलेला नर बाईंच्या झोपेत उभा होता. फिका, बारीक, बाईंपेक्षा थोडा लहान. तो नाचत होता. या कुळातले नर मादीसमोर नाचतात हे पोराटोरांनाही माहीत आहे. बहुतेक पुढचे पाय हलवून नाचतात. हा मात्र तिसरी जोडी वर करून, पायांच्या टोकांचे पांढरे झुपके एकमेकांवर आपटत होता. डावीकडे सरकून टाळी, उजवीकडे सरकून टाळी. लग्नाच्या वरातीत एखादा अवघडलेला मामा नाचतो, तसा.

सरांच्या हातातला चिमटा खाली आला होता.

"तिसरा पाय," ते म्हणाले. "शलाका, तिसरा पाय बघितलास?"

मी बघितला होता. मग चित्र एकदम मोठं झालं, नर सगळा पडदाभर आला, जोराचा हिसका बसला आणि पुढचा बराच वेळ काहीच हललं नाही. शेवटी दिसली एक पानाची सुरळी, तोंडाशी रेशमाचे टाके घातलेली. नळ्या त्या सुरळीवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिल्या.

"खाल्लंन त्याला," सर म्हणाले.

आत्मारामकाका सुपारी तोंडात टाकता टाकता थांबले. कोणाक खाल्लान, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नवऱ्याला. असं होतं कधी कधी. त्यांनी झोपलेल्या बाईंकडे आदरानं पाहिलं.

"मगे तेचीच कायतरी चूक आसतली."

सर ऐकत नव्हते. ते उठून उभे राहिले होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसलं, जे आमच्या हॉलच्या कोपऱ्यात दिसलं होतं. कोळी चावून गिळत नाही, ते मला भरभर सांगू लागले, जणू मला माहीतच नाही. तो आतलं विरघळवून पिऊन टाकतो, टरफल उरतं. नराच्या तोंडाशी दोन छोटे अवयव असतात, मादीच्या कुलपाची जणू किल्ली. ते कठीण असतात आणि दर जातीत वेगळे. नव्या जातीचा त्याहून पक्का पुरावा नाही. ते टरफल बाईंनी टाकून दिलेलं नाही, सुरळीत शिवून ठेवलंय.

"ही सुरळी कुठाय?"

बाईंच्याच रोपावर होती, दोन पानं वर. रोज माझं डोकं तिला घासत होतं. मी भिंग लावून आत पाहिलं. आत नर होता, आठ पायांपैकी साडेसहा, आणि दोन्ही किल्ल्या शाबूत. याचं स्वतःचं स्वप्न कधी नोंदलं गेलं नव्हतं. आम्ही त्याला मारलेला नव्हता. ज्यांनी मारला, त्यांना कोणाची संमती लागत नाही.

राईतून काही बाहेर न्यायचं तर देवीला विचारणं आलंच, पण आता आम्हाला दुसरा प्रश्न सापडला होता.

सरांनी बाटलीला बूच लावलं आणि झोळीत ठेवायच्याऐवजी माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

संध्याकाळच्या आत कौल पुन्हा लागला. बाईंना हात लावणार नाही, नुसतं त्यांच्या घरातलं वाळलेलं टरफल न्यायला दे, असं गाऱ्हाणं. पाकळ्या लावल्या. थांबलो. उजवी हलेना, डावीही हलेना. मंडळी पायांवर पाय बदलत उभी राहिली. गुरवानं पाकळ्या फार ओल्या झाल्यात का ते वाकून पाहिलं. बऱ्याच वेळानं आत्मारामकाकांनी कपाळावर हात मारला.

चूक त्यांचीच होती, म्हणे. जमिनीच्या भांडणात ते हे कधी विसरत नाहीत. वस्तू ज्याची, तो जिवंत असताना देवी त्याच्या परस्पर दुसऱ्याला देत नाही. आधी धन्याला विचारायचं, मग तिला. टरफल बाईंच्या घोवाचं, घरही बाईंचं.

"पयली हिका विचारा, सर," ते म्हणाले. "देवी थांबता तवसर."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी आयुष्यभर एका नवसाला नारळ फोडला नाही. जागतिक परिषदांमध्ये ते भल्याभल्यांना खाली बसवत आले आहेत. ते म्हणाले, "कसं विचारू?"

माशी मी पकडली. पीएचडी झाली नाही तरी हे कौशल्य राहील. सरांनी ती चिमट्यात पंखाला धरली आणि रोपाजवळ चिखलात गुडघे टेकले. मुळांच्या त्या गर्दीत आणखी दोन गुडघ्यांची भर पडली. त्यांनी एक हात सुरळीकडे नेला. बाई तोवर जाग्या झाल्या होत्या. त्या झटकन पानाच्या टोकाशी आल्या आणि पुढचे पाय उगारले. सरांनी हात मागे घेतला. "माफ करा," ते म्हणाले, अगदी पुणेरी स्वरात.

मग त्यांनी माशी धरलेला हात पुढे केला आणि तसाच स्थिर ठेवला. यंत्राच्या पडद्यावर मला बाईंच्या नळ्या दिसत होत्या. त्या माशीवर गेल्या. तिथून चिमट्यावर, बोटांवर, मनगटावर. मग सरांच्या चेहऱ्यावर. चष्म्याची एक काच, नाकाचा पूल, दुसरी काच. परत पहिली काच. हे फार वेळ चाललं. सरांच्या कपाळावर घाम आला होता आणि एक डास त्यांच्या कानावर जेवत होता, तरी ते हलले नाहीत. मी आयुष्यात इतकी सविस्तर तोंडी परीक्षा पाहिलेली नाही.

बाईंनी उडी मारली, माशी उचलली आणि दुसऱ्या पानाखाली निघून गेल्या. सुरळीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"व्यवहार झालो," आत्मारामकाका म्हणाले. त्यांनी वारुळाकडे तोंड करून गाऱ्हाण्याचा राहिलेला भाग पुरा केला: हिना दिल्यान, हेनी मोबदलो दिल्यानी, आता तू काय ता सांग गो आई. उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. होकार भरणाऱ्या आवाजांमध्ये एक आवाज पुण्याचा होता. तो ताल चुकला, पण मोठा होता.

लेख आम्ही दोघांनी मिळून आत्मारामकाकांच्या पडवीत लिहिला. नमुना: नर, भक्षित अवस्थेत. मादीचं वर्णन जिवंतपणी, यंत्रातून. नराचं नृत्य: मादीच्या स्वप्नावरून. परीक्षकांपैकी एकानं लिहिलं की स्वप्नातला पुरावा मान्य करायला तो तयार नाही, कारण बायका स्वप्नात नवऱ्यांना सुधारून घेतात. सरांनी उत्तर पाठवलं, की टरफलाच्या तिसऱ्या पायावरचे झुपके नीट मोजून घ्यावेत, स्वप्नात एकही वाढलेला नाही. दुसऱ्या परीक्षकाची एकच शंका होती: नमुना नेताना मादीची संमती घेतली होती का? आम्ही लिहिलं, होय, सहा मानकऱ्यांसमक्ष.

नावाचा प्रश्न सरांवर सोडला तर त्यांनी तो आत्मारामकाकांवर सोडला. काकांनी सुचवलं, हॉटेलवाल्या मालकाचं नाव द्या, मग आपल्याच नावाची राई तो कसा तोडील? हा विचार आम्ही एक दिवस गंभीरपणे केला. शेवटी मी लॅटिनमधला 'कृतज्ञ' या अर्थाचा शब्द घेतला. कोण कोणाला कृतज्ञ, ते सांगायची नियमात सक्ती नाही. यादी फार लांबली असती. तिच्यात गुरव होता, कुळथाची पिठी होती, आणि ज्याला आम्ही कधी जिवंत पाहिलं नाही तो नाचणारा साडेसहा पायांचा गृहस्थ होता. माझ्या यादीत सर होते. सरांच्या यादीत कोण होतं, ते मी विचारलं नाही.

लेख दिवाळीआधी छापून आला, आणि दिवाळीनंतर समिती आली. भर दुपारी आली. आत्मारामकाकांनी त्यांना बांधावरच थांबवून सांगितलं की बाई झोपल्या आहेत, बूट काढा आणि बोलू नका. अध्यक्ष कुजबुजत आत शिरले, पानाखाली लटकलेल्या बाईंना त्यांनी पाहिलं, वारुळाला हात जोडले आणि कुजबुजतच बाहेर आले. बाहेर आल्यावरसुद्धा ते बराच वेळ कुजबुजतच होते. महिन्याभरात हॉटेलची मंजुरी रद्द झाल्याचं कळलं. त्या दिवशी गावानं आम्हाला जेवायला घातलं, आणि मी पुन्हा राईत जाऊन झोपले.

सर पुण्याला गेले नाहीत. उद्या जातो, परवा जातो, असं चाललं होतं. बाईंनी पानाखाली रेशमाची छोटी गादी घालून तीत अंडी ठेवली होती आणि त्या तिच्यावर बसून असायच्या. या वयात त्या फार दिवस काढतील असं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सर रोज दुपारी जाऊन ताडपत्रीखाली बसायचे. बाईंसाठी आणलेली बाटली अजून माझ्या पिशवीत होती, पण त्यांनी तिची चौकशी केली नाही.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, अगदी हळू.

यंत्र चालू होतं. बाई गादीवर झोपल्या होत्या, नळ्या थरथरत होत्या. पडद्यावर एक चेहरा उमटत होता. उलटा होता, कारण बाई पानाखालून बघतात. आधी चष्म्याची एक काच आली, मग नाकाचा पूल, मग दुसरी. विरळ केस खाली लोंबत होते. चेहरा छोटा होता, बटणाएवढा. आणि त्याच्यापुढे, पडदा भरून, पंख आणि सहा पाय सविस्तर दिसणारी, अतिशय देखणी अशी एक माशी होती.

सर खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"प्रमाण अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.